स्लो पंक्चर

त्याला सगळे बुडबुड्या म्हणत. मोठ्या रस्त्याच्या वळणावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान कसलं, वर पत्रा, कोपऱ्यात धापा टाकणारा कॉम्प्रेसर, भिंतीला खिळ्यांवर लटकवलेल्या ट्यूबा आणि मधोमध पाण्याने भरलेलं एक मोठं घमेलं. ट्यूबमध्ये हवा भरायची, घमेल्यात दाबायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. सगळे पंक्चरवाले हेच करतात. पण हा पॅच लावून झाल्यावर ट्यूब पुन्हा बुडवायचा, मग फिरवून पुन्हा, मग उलटी करून आणखी एकदा. गिऱ्हाईक हॉर्न वाजवून थकलं तरी हा आपला घमेल्यावर ओणवा.

"अरे बाबा, ट्यूब आहे ती, नवरी नाही. किती निरखून बघशील?" एक टेम्पोवाला एकदा वैतागून म्हणाला.

"मोठं भोक परवडलं, ते लगेच बोंबलतं," बुडबुड्या मान वर न करता म्हणाला. "बारीक भोक दिसत नाही, पाण्यातही पटकन सापडत नाही. संध्याकाळी टायर टणक असतो आणि सकाळी बघावं तर बसलेला. स्लो पंक्चर म्हणतात त्याला."

माणूस तसा सरळ, नाकासमोर चालणारा. बायको कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. एकच मुलगी, तिसरीतली, घरात तिला ठमी म्हणत. ही ठमी रोज शाळेतून थेट दुकानात यायची, बापाच्या गळ्यात पडायची, आणि त्याच्या तोंडाला लागलेलं काळं स्वतःच्या गालाला लावून घरी जायची. आईचा रोजचा ओरडा ठरलेला. दोघांनाही त्याचं काही वाटत नसे.

अशा माणसाची बुद्धी एकदा फिरली. एका ट्रक ड्रायव्हरबरोबर तो लांबच्या शहरात जुने टायर आणायला गेला होता. काम लवकर आटोपलं, मग दोघे प्यायला बसले. ड्रायव्हरच्या ओळखीची एक जागा होती. "चल रे, जन्मभर ट्यूबाच चिवडणार आहेस का?" असं म्हणत त्याने याला ओढतच नेलं. का गेला, हे पुढे त्याने स्वतःला हजारदा विचारलं. दारू पोटात होती, नाही म्हणायची लाज वाटली होती, आणि खोटं कशाला बोला, मनातही होतं. तिथली बाई शहाणी होती. तिने स्वतःच कंडोमचं पाकीट फोडलं आणि म्हणाली, "याच्याशिवाय जमणार नाही." दोनचार मिनिटांत सगळं उरकलं. याने ते काढून कोपऱ्यातल्या बादलीत टाकलं आणि मान खाली घालून बाहेर आला.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर गाणी म्हणत होता. हा खिडकीतून बाहेर बघत होता आणि अचानक त्याला आठवलं. आपण ते बघितलंच नाही! फाटलं होतं का, गळत होतं का, काही न बघता सरळ टाकून दिलं. इतक्या वर्षांत पाण्यात बुडवल्याशिवाय एक ट्यूब हातची सोडली नव्हती, सायकलचीसुद्धा. आणि नेमकी तीच एक गोष्ट न तपासता बादलीत गेली.

झालं, तिथून त्याची झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी त्याने कंडोमचं एक पाकीट विकत आणलं आणि दुकानामागे जाऊन एकेकात पाणी भरून बघितलं. एकही गळलं नाही. हवा भरून घमेल्यात दाबलं, तरी बुडबुडा नाही. दुसरा कोणी असता तर स्वतःशी हसला असता आणि कामाला लागला असता. याचं आपलं वेगळंच. ही सगळी चांगली निघाली, म्हणजे ते एकच खराब असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

मग त्याने मोबाइलवर एच.आय.व्ही.बद्दल वाचायला सुरुवात केली. ताप येतो, असं वाचलं की अंग कोमट लागायचं. तोंड येतं, असं वाचलं की जिभेला टोचायचं. मानेत गाठी येतात म्हणे. हा गाड्यांच्या आरशात बघून मान चाचपायचा, इतकी चाचपायचा की शेवटी ती खरंच सुजली. अन्न जाईना म्हणून वजन उतरलं, आणि वजन उतरलं म्हणून खात्रीच पटली.

घरी त्याने आपला टॉवेल वेगळा केला. पेला वेगळा, नेलकटर वेगळा. पाठदुखीचं निमित्त सांगून अंथरूण बाहेरच्या खोलीत आणलं. ठमी गळ्यात पडायला आली की हा उठून उभा राहायचा.

"बाबांना बरं नाही, बाळा. जवळ यायचं नाही हं," तो म्हणायचा.

"कधी बरे होणार?"

"होईन."

पोर गुणी. तिने दुकानात यायचं सोडलं नाही, पण ती आता उंबऱ्याशी दप्तर मांडीवर घेऊन बसायची आणि लांबूनच बोलायची.

शेवटी तो सरकारी दवाखान्यात गेला. तपासणीच्या खोलीशेजारी समजावून सांगणाऱ्या एक मॅडम बसत. केस पांढरे, आवाज मोठा, आणि रोज तेच तेच ऐकून घट्ट झालेलं मन. त्यांनी याची सगळी कहाणी ऐकून घेतली.

"कंडोम फाटला होता?"

"बघितलं नाही, मॅडम."

"अहो, फाटला असता तर तेव्हाच कळलं असतं. तो काही सुईच्या टोकाएवढा फाटत नाही, चांगला टराटरा फाटतो. धोका जवळजवळ नाहीच. आज तपासा, तीन महिने झाले की पुन्हा एकदा तपासा आणि विषय संपवा. आणि घरात शिवाशिव कसली चालवलीय? पेल्याने, टॉवेलने, पोरीला जवळ घेतल्याने हे होत नाही. ज्याला खरंच झालंय तोसुद्धा पोरांना कडेवर घेतो."

पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. तीन महिने त्याने जीव मुठीत धरून काढले. दुसरा रिपोर्टही निगेटिव्ह. त्या दिवशी तो दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. घरी येऊन पोटभर जेवला. बायकोने चकित होऊन बघितलं. तिला वाटलं, आता सुटलं एकदाचं जे काय होतं ते.

चारच दिवस टिकलं ते. एका सकाळी एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, "काल हवा भरून नेला, आज पुन्हा बसलाय बघा." आणि बुडबुड्याच्या हातातली ट्यूब तशीच राहिली. पाण्यात बुडबुडा दिसला नाही म्हणजे भोक नाही, असं थोडंच असतं? आपल्या धंद्यात नाही, मग रक्तात कसं असेल? त्याने खासगी लॅब गाठली. मग दुसरी. मग तिसरी, तिथे तर स्वतःचं नावही भलतंच सांगितलं. सगळीकडे एकच उत्तर, निगेटिव्ह. तो पुन्हा त्या मॅडमसमोर जाऊन बसला.

"तुम्हाला एच.आय.व्ही. नाही," त्या या वेळी हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला भीतीचा आजार झालाय, आणि त्यालाही औषध असतं. वरच्या मजल्यावर मनाचे डॉक्टर बसतात. मी येते बरोबर, चला."

"मी वेडा नाही, मॅडम," हा ताडकन उठला. "पंक्चरवाला असलो म्हणून काय झालं!"

तो जिना चढला असता तर! पण नाही चढला. माणसाला रोग कबूल करवतो, भीती कबूल करवत नाही. हा बाहेर पडला तो आणखी एका लॅबचा पत्ता विचारत.

आणि मग ते घडलं. ठमी शाळेतून येत होती. दुकानासमोर एक जुनी लोखंडी रिंग पडली होती, तिला पाय अडकून पोर तोंडावर आपटली. हनुवटी फुटली. रक्ताची धार फ्रॉकवर. ती उठली आणि दोन्ही हात पुढे करून बापाकडे धावली.

बुडबुड्याच्या अंगठ्याला त्याच दिवशी टायरची तार लागली होती. पंक्चरवाल्याचे हात, त्यांना एक ना एक जखम असतेच. तो दोन पावलं मागे सरला आणि ओरडला, "थांब! तिथेच थांब! हात लावू नकोस मला!"

पोर थांबली. रस्त्याच्या मधोमध, हात तसेच पुढे केलेले, रडायचीसुद्धा विसरली. समोर चाव्या बनवणारा म्हातारा बसायचा. त्याने हातातली कानस फेकली, धावत आला, ठमीला उचललं आणि आपल्या सदऱ्याने तिची हनुवटी दाबून धरली. "अरे, बाप आहेस की कोण आहेस?" एवढंच तो जाता जाता म्हणाला. डॉक्टरकडे टाके घालेपर्यंत पोर त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर होती. बाप दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता.

संध्याकाळी बायको कारखान्यातून आली. तिला वाटेतच कळलं होतं. तिने आधी पोरीला जवळ घेतलं, खाऊ घातलं, निजवलं. मग त्याच्यासमोर येऊन बसली.

"आता बोला."

त्याने सगळं सांगितलं. ड्रायव्हर, ती जागा, ती बाई, ते बादलीत टाकलेलं. सांगताना त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं. बायकोचा चेहरा दगडासारखा.

"म्हणून माझ्यापासून लांब झोपत होता?"

"हो."

"मला वाटलं, माझीच किळस येते तुम्हाला. कारखान्यातून आले की आधी दोनदा साबण लावून आंघोळ करत होते मी, अहो!" तिने पदराने तोंड पुसलं आणि सरळ बसली. "तपासून घेतलंत?"

"घेतलं."

"काय आलं?"

"निगेटिव्ह."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. काही नाही."

"एकदाच?"

"नाही. सहा वेळा."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "सहा वेळा सांगितलं तुम्हाला. तरी आज पोर रक्ताने माखलेली असताना मागे सरलात?"

त्याने जखमेचा अंगठा मुठीत झाकला.

"त्या बाईकडे गेलात, ते मी कधीतरी गिळीन. जन्म जाईल, पण गिळीन. हे कसं गिळू?" ती म्हणाली आणि सकाळी ठमीला घेऊन भावाकडे निघून गेली.

घर खायला उठलं. दुकान उघडायचं म्हणून उघडायचा. ड्रायव्हर एकदा येऊन, "अरे, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ केलास!" असं म्हणून हसून गेला. त्याच्या अंगावर टायर उचकटायची टामी उगारायची याला इच्छा झाली, पण ती त्याने परत टायरातच खुपसली.

पुढे मेहुण्याने निरोप आणला. मेहुणा मुळात भांडखोर, पण त्या दिवशी शहाण्यासारखा बोलला. "ताई म्हणते, एकदा या. तिच्यासमोर पोरीला जवळ घ्या, एवढंच. बाकीचं ती बघेल. सामान बांधून ठेवलंय तिने."

बुडबुड्याने दाढी केली, स्वच्छ कपडे घातले. हात घासून घासून धुतले, नखांतलं वर्षानुवर्षांचं काळंही काढलं. सगळे रिपोर्ट खिशात घेतले. वाटेत स्वतःला बजावत होता, घ्यायचं, उचलायचं, छातीशी धरायचं, काही होत नाही. मॅडमनी सांगितलंय. सहा वेळा सांगितलंय.

दार बायकोने उघडलं. तिने नवी साडी नेसली होती. मागे भिंतीशी दोन पिशव्या आणि पोरीचं दप्तर तयार ठेवलेलं त्याला दिसलं. बायको बाजूला झाली आणि ठमी पुढे आली. हनुवटीवर टाक्यांची लाल रेघ. ती सवयीने दोन हात लांब थांबली.

"बाबा, बरे झालात का?"

"डॉक्टर म्हणतात, झालो."

ठमीने जरा विचार केला. "आणि तुम्ही काय म्हणता?"

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं. एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण तिने विचारलं तेव्हाच त्याचं लक्ष आपल्या हातांकडे गेलं. इतके घासले होते की एका बोटाचं साल निघालं होतं, आणि कडेला रक्ताचा एक ठिपका आला होता. त्याला कळायच्या आत दोन्ही हात पाठीमागे गेले.

बायकोने ते पाहिलं. पोरीनेही पाहिलं. ठमी रडली नाही, रुसली नाही. मोठ्या बाईच्या समजूतदारपणाने तिने मान हलवली आणि आईकडे वळली.

"आई, अजून नाही गं बरे झाले," ती म्हणाली आणि आपलं दप्तर उचलून आत घेऊन गेली.