बाभळीवरचा हळद्या

आमच्या रविवारच्या फेरीचा एकच नियम आहे: पक्षी दोघांनी पाहिला तरच वहीत चढतो, दोघांच्या सह्यांसह. वही शेजारच्या काकांची. ते बँकेतून निवृत्त झाले, पण दुसऱ्या सहीची सवय सुटली नाही.

इथे हिंदी मुलखात, हरिशंकरपुरममधल्या आमच्या गल्लीमागे रिकामे प्लॉट आहेत. फाल्गुनात तिथे पिवळा धोतरा फुलतो, विटांच्या ढिगाऱ्यातून रानफुलं वर येतात, आणि आम्ही चार-पाच मराठी माणसं दुर्बिणी लावून दुसऱ्यांच्या प्लॉटमध्ये हिंडतो. चौकीदार आम्हाला नगरपालिकेचे समजतो.

त्या रविवारी काका बाभळीखाली थबकले. "हळद्या," ते कुजबुजले. "पिवळाधम्मक, काळी कड. बघ, बघ लवकर."

मी दुर्बीण लावली. काट्यांत बायकोचा ब्लाउज अडकला होता. भाच्याच्या लग्नासाठी शिवलेला, पिवळा, काळ्या पायपिंगचा. आदल्या दिवशी गच्चीवर मीच वाळत घातला होता, चिमटा न लावता.

"दिसला?" काकांनी वही उघडून पुढे धरली. तीन वसंत ते हळद्याची वाट बघत होते.

"दिसला," मी म्हणालो आणि सही केली.

घरी आलो तर बायको म्हणाली, "ब्लाउज गेला. बाईनेच नेला, और कौन ले जाएगा? मी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय." सात वर्षं आमची भांडी आणि कपडे करणारी बाई. मी चहा मागितला. एवढंच केलं मी त्या दिवशी.

पुढच्या रविवारी हळद्या तिथेच होता. "घरट्यावर बसलाय," काका म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही. "बघ, कशी निष्ठा आहे." काकांनी बाभळीला 'शांतता राखा' अशी पाटी बांधली, होळीचा स्पीकर पलीकडच्या गल्लीकडे वळवून घेतला. एका वहिनींनी पाण्याची कुंडी ठेवली. वारा आला की हळद्या दोन्ही बाह्या हलवायचा आणि सगळे आनंदाने श्वास रोखायचे. मीही रोखायचो, वेगळ्या कारणाने. कारण जाता-येता बाई दिसायची, लांबच्या शिंदे की छावनी मोहल्ल्यापर्यंत पायी काम शोधत जाताना. ती नमस्ते करायची.

चौथ्या रविवारी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "काका, तो ब्लाउज आहे. आमचा."

काकांनी शांतपणे वही उघडली. "हळद्या म्हणणारे आपण दोघं. ब्लाउज म्हणणारा तू एकटा. दुसरा कोण?"

"अहो, दुर्बिणीतून बघा ना."

"मी बघितलंय. मला हळद्या दिसतो."

वहिनी कुंडीकडे बघत राहिल्या. मी बाईच्या घरी गेलो. परत येताना वाटेत तिला सगळं सांगितलं, चिमट्यापासून सहीपर्यंत. बाभळीखाली आल्यावर तिने दुर्बीणसुद्धा घेतली नाही.

"ये तो मैडम का ब्लाउज है. काली पाइपिन उधड़ गई थी, तुरपाई मैंने की थी."

काकांनी दुर्बीण खाली घेतली. मग हळद्यावर सावकाश रेघ मारून त्यांनी खाली लिहिलं: ब्लाउज, एक. मी सही केली, बाईने अंगठा न देता नाव लिहिलं, पूर्ण. मग वरच्या, खोडलेल्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"बाबूजी, ये दस्तखत भैया के हैं? और ये तारीख, जिस दिन मेरा काम छूटा?"

"हो," काका म्हणाले. "उसी दिन की."

"तो ये कॉपी आज मुझे दे दीजिए. मैडम को दिखानी है."

आजवर काकांनी वही कुणाच्या हातात दिली नव्हती. तिला दिली. ती पुढे चालत होती, वही छातीशी धरून, आणि मी मागून, माझ्याच घरी.