एका दमात कबड्डी

"कबड्डी म्हणा."

राऊत मॅडमनी बाबांना ना नाव विचारलं, ना गाव. भिवंडीत टेमघरच्या त्यांच्या दवाखान्यात आलेल्या प्रत्येक पेशंटला त्या पहिलं हेच सांगायच्या. छाती भरून एक श्वास घ्यायचा आणि तो संपेपर्यंत कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं. म्हातारी आजी असो नाहीतर दापोड्याच्या गोडाऊनमधला ट्रक ड्रायव्हर, सगळ्यांना तेच! बाहेर बाकावर बसलं की वाटायचं आत मॅच चाललीय. फुंकायचं मशीन पण होतं त्यांच्याकडे, पण ते नंतर.

आता गंमत बघा, माझे बाबा म्हणजे कोन गावच्या संघाचे जुने चढाईपटू! कबड्डी सुटली, घरच्या जागेत कापडाच्या लूमचा कारखाना टाकला, पण "आपला दम म्हंजे दम" हे काही सुटलं नव्हतं. जिना चढताना खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ऐटीत सुरू झाले. कबड्डी कबड्डी कबड्डी…

"चोरला," मॅडम म्हणाल्या.

"काय चोरला?"

"दम. मधे घेतलात. गुपचूप."

बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं! आयुष्यात एकाही पंचाने पकडलं नव्हतं हो त्यांना. मॅडमनी तर मान पण वर केली नव्हती, नुसतं ऐकलं होतं.

मग त्यांनी कागदावर एक नळी काढली, आतून सुजलेली. "हवा आत जाते. बाहेर येत नाही. जुनी अडकून बसते. मग नवीन कुठे ठेवणार?" बस्स, एवढंच! दम लागणं म्हणजे हवा कमी पडणं असं मला वाटायचं. इथे तर आत गर्दी झाली होती. आणि कबड्डी कशाला, तेही तेव्हाच कळलं. कबड्डी म्हणताना हवा बाहेर सोडावी लागते ना!

"शनिवारी जास्त होतं?" त्यांनी एकदम विचारलं.

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी काही सांगितलं नव्हतं, शप्पथ!

"कापसाची धूळ," मॅडम म्हणाल्या. "रोज आत गेली की शरीर जरा गप्प बसतं. सुट्टी मिळाली की विसरतं. परत धूळ आली की भांडतं. पुस्तकात सोमवार लिहिलाय. भिवंडीत लूम शुक्रवारी बंद. म्हणून शनिवार."

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मॅडमचं बोलणं असंच, तुकड्या-तुकड्यात. लोक म्हणायचे, बाई तुसडी आहे. दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि जिन्याच्या वळणावर एक खुर्ची. सकाळी मॅडम आधी तिथे बसायच्या आणि वर येणाऱ्यांना बघायच्या. कोण कठडा धरतंय, कोण बोलता बोलता थांबतंय. आम्हाला वाटायचं, काय हुशार बाई, तपासणी जिन्यातच सुरू!

त्यांनी बाबांना दोन पंप दिले. एक रोज घ्यायचा, त्रास नसला तरी. दुसरा निळा, दम लागला की. बाबांनी दोन्ही नेऊन लूमच्या सुताच्या कांड्यांच्या डब्यात लपवले. का? तर आमच्याकडे पंप म्हणजे माणूस संपला! एकदा लागला की सुटत नाही, पंपवाल्याच्या घरी मुलगी देत नाहीत, काय काय बोलतात लोक.

"मना काय झाला न्हाय," बाबा म्हणायचे. "थोरा खोकला हाय."

मग एका शनिवारी त्यांच्या जुन्या संघातले काका कारखान्यात आले. जुन्या खेळाडूंची मॅच ठरत होती. बाबा हसत होते, हसता हसता खोकायला लागले आणि थांबेचनात. डबा हातभर अंतरावर होता, पण सगळ्यांसमोर त्यांनी तो उघडला नाही. ओठ निळे पडले तेव्हा मी रिक्षा बोलावली.

टेमघरला पोचलो तर त्यांना जिना चढवेना. वळणापर्यंत कसेबसे गेले आणि पायरीवर बसले. मी ओरडले. मॅडम वरून धावत आल्या, हातात निळा पंप आणि प्लास्टिकचं मोठं नळकांडं. ते बाबांच्या तोंडाला लावून पंप दाबला. परत दाबला. "हळू. सोडा. आधी बाहेर सोडा." हळूहळू बाबांचे ओठ माणसात आले.

आणि मग मॅडम धपकन त्या खुर्चीत बसल्या. खांदे वर-खाली, वर-खाली. आता बाबाच घाबरले. "मॅडम, तुमाना काय झाला?"

"काही नाही. एकच आहे ना."

"काय एकच?"

"फुफ्फुस. लहानपणी टीबी झाला. डावं काढलं."

मी त्या खुर्चीकडे बघतच राहिले. ती त्यांची होती! रोज सकाळी स्वतःच्याच दवाखान्यात चढताना त्या तिथे श्वास गोळा करायच्या. आणि ते तुकड्या-तुकड्याचं बोलणं! एवढ्याशा हवेत ही बाई अख्ख्या भिवंडीच्या छात्या तपासत होती!

"पंप कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कांड्यांच्या डब्यात," बाबा पुटपुटले. "मैदानावरची मानसा काय बोलतील?"

"म्हणतील, पाटील श्वास घेतो."

त्या दिवसापासून बाबांनी रोजचा पंप चुकवला नाही. कारखान्यात झाडू बंद, ओलं फडकं सुरू, धूळ ओढणारा मोठा पंखा बसला. मॅच पुढे ढकलली गेली ते बरंच झालं. ती झाली तोपर्यंत मॅडमनी दवाखाना बंद करून बहिणीकडे नाशिकला जायचं ठरवलं होतं. बाबा स्वतः जाऊन त्यांना मॅचला घेऊन आले. खेळायची परवानगी पण त्यांचीच. "एकच चढाई," असं बजावून.

चढाईच्या आधी बाबा मधल्या रेषेवर थांबले. चड्डीच्या खिशातून निळा पंप काढला, अख्ख्या गावासमोर हलवला आणि घेतला.

"काय रं पाटील, पेट्रोल भरतस?" समोरून एक काका ओरडले.

"हाव! तुज्या गारीत न्हाय तर मी काय करू?"

सगळं मैदान हसलं आणि बाबा घुसले. कबड्डी कबड्डी कबड्डी… माझ्या शेजारी मॅडमही पुटपुटायला लागल्या, बाबांच्या बरोबरीने. त्यांचा दम लगेच संपला. त्या थांबल्या आणि न लपवता, सगळ्यांसमोर, आरामात दुसरा श्वास घेतला.

बाबा अजून म्हणतच होते. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या.

"नाही चोरला," त्या म्हणाल्या.