अर्थिंगचं पाणी

रत्नागिरीत विजेचे दिवे येऊन बरीच वर्षं झाली होती, पण चारशे व्होल्टचं नाव काढलं की गावातले वायरमन कानावर हात ठेवत. त्यात एकच माणूस वेगळा, गुलाम रसूल. त्यानं मुंबईच्या गिरणीत सात वर्षं चारशे व्होल्टवर चालणाऱ्या थ्री फेजच्या मोटारी हाताळल्या होत्या. सडसडीत, कमी बोलणारा, कानावर पेन्सिल ठेवून तीच घरभर शोधणारा माणूस. अशा माणसानं खरं तर मुंबईतच राहायचं. पण त्याचं लग्न ठरलं ते वजीरभाईंच्या एकुलत्या एक मुलीशी, कनीजशी, आणि निकाहाच्या आधीच वडीलधाऱ्यांच्या बैठकीत कबुली झाली की मुलगी घर सोडून जायची नाही, जावयानंच यायचं.

घरजावयाला कुणी डांबून ठेवतं असं थोडंच आहे? उलट त्याच्या ताटात सुरमईचा मधला तुकडा पडतो, गरम भाकरी आधी त्याला, झोपाळ्यावरची जागाही त्याचीच. दार सताड उघडं असतं. त्या उघड्या दारातून गुलाम रसूल नऊ वर्षांत बाजार आणि मशीद यापलीकडे कुठे गेला नव्हता. जरा लांब निघाला की वजीरभाई विचारत, "रसूलमियाँ, परत कधी येनार?" विचारत अगदी मायेनं, आणि त्या मायेचाच त्याला जीव घुसमटेल इतका कंटाळा आला होता.

वजीरभाईंची लांज्याच्या रस्त्यावर स्वतःची, प्रवासी नेणारी सर्व्हिस मोटार होती. एसटी आली आणि ती सर्व्हिस बंद झाली. म्हातारा दोन वर्षं नुसता झोपाळ्यावर बसून होता. मग एकोणीसशे पंचावन्नच्या उन्हाळ्यात त्यांनी घरालगतच्या मोटारीच्या छपरीत ट्रकांचं गॅरेज काढायचं ठरवलं आणि मुंबईहून बोटीनं हवेचं मशीन आणवलं. काँप्रेसर! माणसाएवढी टाकी, तिच्यावर हिरवी मोटार. जावयाला विचारलंसुद्धा नाही. मशीन थ्री फेजचं, चालवणार कोण, तर गुलाम रसूल. मोटारींतलं फारसं कळत नसलं तरी माणसं कशी धरून ठेवायची ते वजीरभाईंना पक्कं कळत होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात गुलाम रसूलच्या चुलतभावाचं, अस्लमचं पत्र आलं. त्याच्या जहाजावर इलेक्ट्रिशियनची जागा रिकामी होती. जूनच्या दोन तारखेच्या आत मुंबईच्या गोदीत हजर व्हायचं. पावसाळ्याआधीची शेवटची बोट एकतीस मेला, मंगळवारी. ती चुकली तर घाटावरून वळशानं वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणजे जागा गेली, आणि त्याचं वय आता चौतीस. पुन्हा कोण बोलावतंय?

त्यानं सासऱ्यांना पत्र वाचून दाखवलं. वजीरभाईंनी पान तोंडात टाकलं.

"मशीन चालू करून देवा," ते म्हणाले, "मग खुशाल जावा. मी आडवा येनार नाय."

कनीज दाराआड उभी होती. ऐकून ती परत चुलीकडे वळली, आणि त्याचं गुलाम रसूलला बरंच वाटलं.

तो कामाला लागला तो भुतासारखा. जांभ्याच्या भिंतीत छिन्नी चालवून लोखंडी पाइप बसवले, तीन तारा ओढल्या, मेन स्विच, कटाऊट, स्टार्टर, सगळं ओळंब्यात. नऊ वर्षांत त्या घरात इतक्या आनंदानं त्यानं काहीच केलं नव्हतं. राहिलं फक्त अर्थिंग, आणि तिथेच त्याचं घोडं अडलं.

अर्थिंग म्हणजे मशीनच्या अंगाला जोडलेली जाड तार, खाली ओल्या जमिनीत पुरलेली. मोटारीत कुठे बिघाड होऊन वीज टाकीच्या पत्र्यात उतरली, तर ती त्या तारेतून जमिनीत जावी, हात लावणाऱ्या माणसातून जाऊ नये. पण आमची जमीन जांभ्याची. चाळणीतून जावं तसं पाणी तिच्यातून निघून जातं, आणि मे महिन्यात चार हात खणलं तरी वर कोरडी भुकटीच येते. त्यानं मीठ घातलं, कोळसा घातला. मग घरातल्या दिव्याची एक तार आणि अर्थिंगची तार यांच्यामध्ये दिवा जोडून पाहिला. दिवा लख्ख पेटला तर अर्थिंग चांगलं. इथे दिव्यातली तार नुसती लाल झाली.

"तार विहिरीत सोडतो," तो म्हणाला.

वजीरभाई झोपाळ्यावरून ताडकन उठले. "विहिरीत वीज? त्या पान्यान आमी नमाजाआधी वजू करताव!"

समजावून उपयोग झाला नाही. मग त्याला एक गोष्ट सुचली आणि तो स्वतःशीच हसला. घरच्या न्हाणीचं पाणी मागच्या पाटानं माडाच्या आळ्यात जायचं. नातेवाईक, नोकर धरून घरात दहा माणसं, आंघोळी काही थांबत नाहीत. त्यानं त्या आळ्यातच खड्डा खणला, तांब्याचा पत्रा पुरला आणि तार गॅरेजपर्यंत आणली. गुरुवारी कनीजच्या देखत दिवा जोडला तर डोळे दिपले. कुणी आठवण ठेवायला नको, कुणी पाणी घालायला नको. घर आंघोळ करणार आणि मशीन सुखरूप राहणार. त्या दुपारी त्यानं माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

शनिवारी वीजकंपनीचे साहेब तपासायला आले. पाइप पाहिले, स्टार्टर पाहिला, मान डोलावली. शेवटी अर्थिंगला दिवा जोडला. दिव्यात नुसता लाल धागा.

"हे चालणार नाही," साहेब म्हणाले. "बुधवारी पुन्हा येतो."

बोट मंगळवारी. गुलाम रसूल मागच्या दारी धावला. आळ्यातली माती पांढरी पडली होती. पाटाला वळणावर चिखलाचा बांध घातलेला, आणि न्हाणीचं पाणी पलीकडच्या माडाला चाललेलं. पाणी या माडाचं त्या माडाला वळवणं हे रोजचंच काम. त्याला वाटलं, कामवाल्या चिमानं सवयीनं वळवलं असेल. त्यानं तिला हाक मारायला तोंड उघडलं.

"चिमाला कशाला बोलवताव?" मागून कनीज म्हणाली. "मी लावली माती."

तिच्या हातात घागर होती आणि आवाज अगदी रोजचा होता.

"का?"

"बोट गेली का मीच काढनार होते."

नऊ वर्षांचा संताप एकदम उसळला. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. त्यानं तिला मनगट धरून गॅरेजात नेलं आणि टाकीसमोर उभं केलं. "ह्या टाकीला रोज सकाळी कोण हात लावतो?"

"माझे बावा. फडक्यान पुसतात. अजून चालूपन नाय, तरी पुसतात."

"ती माती तशीच राहिली असती, आणि उद्या मोटारीत काही झालं असतं, तर बावांचा हात टाकीला चिकटला असता. सुटला नसता, कनीज. मेल्याशिवाय सुटला नसता."

तिचा चेहरा उतरला. घागर तिनं खाली ठेवली आणि ती भिंतीला टेकली. त्याला वाटलं, समजलं हिला. आता ही म्हणेल, जावा तुमी, पानी मी सांभाळीन. त्यानं वाटसुद्धा पाहिली.

"मना ठावूक नव्हता," ती म्हणाली. मग त्याच्याकडे सरळ बघत, "पन तुमी गेलाव ना, आनि एखाद्या दिवशी मना लय राग आला, तर मी परत माती लावीन. ठावूक असून लावीन. मना माझा भरवसा नाय."

यात धमकी नव्हती. धमकी असती तर तो ट्रंक उचलून त्याच क्षणी चालू लागला असता. ती खरं सांगत होती, आणि खरं सांगताना तिला रडू येत होतं. तिच्याइतकं खरं त्या घरात त्याच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. ती सुटका मागत होती की शिक्षा, हे त्याला कळेना.

त्यानं बांध पायानं फोडला. पाणी आळ्यात शिरलं.

बुधवारी साहेब आले, दिवा लख्ख पेटला, मशीन धडधडलं आणि पहिल्या ट्रकच्या चाकात हवा भरली. वजीरभाईंनी साऱ्या मोहल्ल्यात शेवया वाटल्या. "बोट काल गेली काय?" त्यांनी साळसूदपणे विचारलं.

"गेली," गुलाम रसूल म्हणाला आणि मागच्या दारी गेला. पाणी पाटातून नीट वाहत होतं. तरी त्यानं खाली बसून आळ्यात हात घातला आणि माती ओली आहे ना ते पाहिलं. उद्याही पाहावं लागणार होतं, परवाही.