प्रेसचा आवाज

मशीनच्या तेलाचा वास आला की चाकणजवळच्या कुरुळीतली आमची खोली आठवते. मी आणि माझा लातूरकडचा रूममेट, दोघंही कंपनीत पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर होतो. आवडत्या हॉरर गेमचा नवा जादा भाग नुकताच डाउनलोड झाला होता आणि तो शिफ्टवरून येताच हातही न धुता खेळायला बसला. या भागात एका बंद कारखान्यातून निसटायचं होतं. गेममधल्या अंधारात कुठंतरी प्रेस धाडकन आदळली आणि त्यानं लॅपटॉपच मिटला. "काय झालं राव?" मी विचारलं. "आधी भोसरीला कामाला होतो, तिथं माझ्या जोडीदाराचा हात असाच प्रेसखाली गेला, भावा. बटन मीच दाबलं होतं." त्यानंतर तो जेवला नाही, टेकलाही नाही, नुसता खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. आठवड्याभरात काम सोडून गावी गेला. मी अजून प्रेसवरच आहे. बटन दाबण्याआधी आता समोरच्याला हाक मारतो आणि तो 'ओ' देईपर्यंत थांबतो.