इंझोरीची डच शाळा

शिरपूर जैनचं जुनं मंदिर बघायला चाललेय, असं पुण्यात सगळ्यांना सांगून मी निघाले. मंदिर बघितलंही. पण खरं बघायची होती ती माझी विहीण.

माझी लेक आणि जावई हॉलंडमध्ये राहतात. चार वर्षांची नात रेवा डचमध्येच बडबडते. तिच्याशी बोलता यावं म्हणून मी, निवृत्त शिक्षिका, क्लास लावला, तीन महिने घोकंपट्टी केली, प्रमाणपत्र मिळवलं. आणि रेवा? फोनवर माझ्याशी दोन मिनिटं, इंझोरीच्या आजीशी, म्हणजे माझ्या या विहिणीशी, तासभर. उन्हाळ्याची सगळी सुट्टीही म्हणे तिथेच. चौथीनंतर शाळा न पाहिलेल्या बाईला डच येतं कसं? माझा नुसता जळफळाट चालला होता.

मंदिराहून शेलूबाजारला आले आणि इंझोरीच्या जीपमध्ये कोंबून बसले. शेजारच्या म्हाताऱ्याने कोणाकडे जाता विचारलं. नाव सांगताच तो खुलला.

"हौ, थे फोनवाली आजी! नातीसंगं काय इंग्रजी बोलून राह्यते, आमाले काई समजत नाई."

"इंग्रजी नाही, डच," मी सुधारलं. गावभर कीर्ती पसरली होती तर!

"या ईनबाई (विहीणबाई), लय दिवसानं याद केली," म्हणत विहिणीने दारातच हातपाय धुवायला पाणी दिलं. जेवायला ज्वारीची भाकरी आणि सोल्यांची (तुरीच्या हिरव्या दाण्यांची) आमटी. आमटी इतकी चांगली होती की तिचाही हेवा वाटला.

दुपारी त्या तुरीच्या शेंगांचा ढीग घेऊन बसल्या, फोन तांब्याला टेकवून. तिकडे रेवाची शाळेची तयारी चाललेली. ईनबाईंनी शेंग फोडून फोनसमोर धरली.

"सांग वं माय, किती?"

"फीर (चार)!"

"फीर," ईनबाई म्हणाल्या. पुढच्या शेंगेत पाच दाणे होते. ईनबाई खुशाल "द्री (तीन)" म्हणाल्या. रेवा खिदळली, तिने त्यांना पुन्हा मोजायला लावलं. बरोबर आलं तेव्हा टाळ्या पिटून "खूत झो (शाब्बास)!"

मला बघवेना. पुढची शेंग फुटताच मीच ओरडले, "फैफ (पाच)!" वर व्याकरणशुद्ध अख्खं वाक्यही म्हणून दाखवलं.

रेवाने टाळ्या पिटल्या नाहीत. मग हळूच ईनबाईंना काहीतरी म्हणाली. मला शब्दन् शब्द कळला. "या आजीला सगळं येतं." आणि फोन बंद झाला.

"काहून सांगतलं हो तुमी? थे शिकवून राह्यली होती ना मले."

"म्हणजे तुम्हाला येत होतं?"

"दिवाळीपासून येते. पन येते म्हटलं, तर थे कायले बसन माह्यापाशी?"

मी शेंगा सोलायला घेतल्या. राग ईनबाईंचाच येत होता, कारण त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी परतताना, जीपमध्येच लेकीचा फोन आला.

"आई, रेवा विचारतेय, पुण्याच्या आजीला काय येत नाही?"

आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले. असा मला कोणी विचारला नव्हता.   मग पुण्यात जन्म काढूनही कोणाला कळू न दिलेली गोष्ट मी सांगून टाकली.

"सांग तिला, आजीला सायकल येत नाही."

तिकडे रेवाची आनंदाची किंकाळी ऐकू आली.

"आणि हे बघ," मी घाईघाईने म्हटलं, "इंझोरीच्या आजीला येते का, ते विचारायचं नाही."