स्टार्टर आणि शांताचा हात

सकाळी मिक्सर जळाला. जळक्या तांब्याच्या वासानं तरुणपणातला एक दिवस आठवला.

तेव्हा मी बोईसरला फिटर होतो. सरळ रस्त्यावरच्या शर्यतीसाठी मोटारसायकलचं वजन कमी करायचं म्हणून किक काढून टाकली होती. मग जीपच्या जुन्या स्टार्टर मोटरला धरायला दोन मुठी आणि पुढं नटावर टोपीसारखा बसणारा गोटी पाना जोडून बाहेरून इंजिन फिरवायची सोय केली.

क्लच धरायला माझी बायको शांता गाडीवर बसली. मी पाना क्रँकच्या, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या दांड्याच्या, नटावर दाबला. इंजिन लगेच सुरू झालं, पण पाना सुटेच ना. फिटरच्या सवयीनं मी तो घासून अगदी घट्ट बसवलेला. स्टार्टर माझ्या हातातून हिसकला गेला आणि बॅटरीच्या वायरी गुंडाळत गरागरा फिरू लागला. वायरी जळायला लागल्या. शांताचा पदर आत ओढला गेला.

तिनंच वाकून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबला. इंजिन गुदमरून बंद पडलं.

"हात बघू तुझा."

"हात हाय जाग्यावर. लुगडं फाटलं त्याचं बोला. आनि सोडा की आता हात."

मी हात सोडलाच नाही. ही गेली असती तर मी काय केलं असतं, एवढंच डोक्यात होतं.

आता ती गेली. काय करायचं ते अजून समजलेलं नाही.