चाकाचा कल

माझे वडील, आमचे दादा, गवंडी. नववीत शाळा सोडली आणि त्यांच्या हाताखाली ओळंबा धरायला लागलो. दोरीला लटकलेला लोखंडी लट्टू भिंतीजवळ सोडायचा, श्वास रोखून तो थांबायची वाट बघायची, आणि भिंत जरा जरी झुकलेली असली तर ओरडायचं, "दादा, कल आहे!" आमच्या नांदेडकडच्या गावात दाराच्या चौकटीला कल असतो, खांबाला असतो, बैलगाडीच्या जुन्या चाकाला तर असतोच. हा शब्द कुणाला समजावून सांगायची वेळ माझ्यावर तिकडे कधी आली नाही. ती आली इंदूरला.

इंदूरला मी आलो ते फरशीच्या कामासाठी. व्हील अलाइनमेंटचं एक दुकान नवं होत होतं. मशीनखालची जमीन चारी कोपऱ्यांत सारख्या पातळीत लागते, नाहीतर मशीन खोटं बोलतं. ठेकेदाराची माणसं काम संपवून निघाली आणि मी मात्र पाणी भरलेली नळी घेऊन पुन्हा एकदा कोपरे तपासत बसलो, कारण झोप आली नसती. स्वभावच तसा आहे. दुकानाचे मालक लांबून बघत होते. म्हणाले, "क्यों भिया, जा नहीं रिया? अच्छा, तो यहीं रुक जा." तसा थांबलो, तो अजून आहे. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, मीही. अनोळखी शहरात एका वाक्यावर ठेवून घेणारा माणूस मिळाला, हे मला आजही सकाळी शटर उचलताना आठवतं.

पहिल्यांदा पंक्चर, मग टायर चढवणं, मग बॅलन्सिंग. मशीनला हात लावायला बंदी. पण बघायला बंदी नव्हती. स्क्रीनवर इंग्रजीत कॅम्बर लिहून यायचं. समोरून बघितलं तर चाक उभं आहे की आत-बाहेर झुकलंय, त्याचा आकडा. मी मनातल्या मनात त्याला कलच म्हणायचो. ओळंब्याचं पोर मी, मला दुसरं काय सुचणार?

एक दिवस उस्तादांना देपालपूरला भाच्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. निघताना म्हणाले, "काकूंची गाडी येईल. आज तू कर. टायर बरोबर घिसले तर मशीन तुझं. नहीं तो पंक्चर जिंदाबाद." अर्धं मराठी, अर्धं हिंदी, माझ्यामुळे त्यांना ती सवय लागली होती. आणि बजावलं, "नीची गाडी है, काकूंना सीटवर बसवूनच रीडिंग घे."

काकू म्हणजे स्नेहलतागंजमधल्या मराठी बाई. महूच्या शाळेत शिकवायच्या, रोज स्वतः गाडी चालवत जायच्या. गाडी मुलाची. त्याने कॉलेजात असताना आखूड स्प्रिंगा घालून ती जमिनीला टेकेल इतकी खाली केली होती, आणि नोकरी लागल्यावर आईकडे सोडून बंगलोरला गेला. स्प्रिंग खाली आली की चाकं वरून आत झुकतात, फेंगड्या पायांसारखी. मग टायरचं सगळं वजन आतल्या कडेवर. काकूंचे पुढचे टायर बाहेरून नवेकोरे दिसायचे आणि आतून तारा निघालेल्या असायच्या. गाडी वर उचलून घ्या, असं उस्तादांनी किती वेळा सांगितलं. काकूंचं एकच म्हणणं, "तो सुट्टीला येतो तेव्हा त्याला त्याची गाडी दिसली पाहिजे, माझी नाही."

त्या दिवशी काकूंना सुट्टी होती. नवे टायर घातले, गाडी मशीनवर घेतली, सांधे, बुश सगळं हलवून पाहिलं, ठीक होतं. स्क्रीनवर दोन्ही आकडे लाल, डावीकडचा जास्त. काकूंनी विचारलं, "काय रे, काय निघालं?"

दुकानात मराठी बोलायला कोणी भेटलं की माझी जीभ सैल सुटते. म्हणालो, "कल आहे, काकू. दोन्हीकडे कल. डावीकडे जरा जास्तच."

"कल?" त्यांनी घड्याळात पाहिलं. "बरं, कल तर कल. चलेल. मला काय घाई नाही." आणि पर्स उचलून रिक्षात बसल्या.

मला वाटलं, कोपऱ्यावर कचोरी खायला गेल्या असतील. मी कामाला लागलो. अशा गाडीत चाक उभं करायला एक खास बोल्ट मिळतो. त्याचं पोट एका बाजूला फुगलेलं असतं, फिरवला की चाक हळूच बाहेर ढकललं जातं. दोन्हीकडे ते बसवले. आता काकू सीटवर हव्या होत्या. रस्त्यावर येऊन पाहिलं. कचोरीवाल्याकडे नाहीत. शेवटी फोन लावला.

"काकू, कुठे आहात?"

"घरी! तूच तर बोलला ना, कल?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मराठीतला कल सांगितला होता, त्यांनी हिंदीतला ऐकला. दोन्हीकडे कल, डावीकडे जरा जास्त कल, एवढं ऐकूनही त्यांना उद्याच वाटला.

"काकू, तो कल नाही, कल म्हणजे तिरकेपणा. चाक झुकलंय. काम आजच होतंय, तुम्ही सीटवर बसायला पाहिजे."

"हे भगवान. अरे, माझ्याकडे भिशी बसलीय, मी आता कशी येऊ?"

उद्यापर्यंत गाडी अडकवून ठेवली असती तर उस्तादांनी येऊन पाहिलं असतं, की याला एक दिवस दुकान दिलं तर याने गिऱ्हाइकालाच परत पाठवलं. मी घाबरलो की तोंडातून सरळ तेच निघतं जे मनात असतं.

"मग काकू, तुमचं वजन किती?"

पलीकडे एकदम बायकांचं हसणं. फोन स्पीकरवर होता.

"सांगा ना हो, लाजता काय!" कुणीतरी म्हणालं.

"भिशीत विचारतोस होय रे मेल्या! ठेव फोन. मेसेज करते."

मेसेज आला. शेजारच्या आटा चक्कीवाल्या भियांकडून तेवढा गहू पोत्यांत मोजून आणला, ड्रायव्हर सीटवर बसवला, घसरू नये म्हणून पट्टा लावला. आकडे खरंच थोडे हलले. कल आधी काढला, चाकांचं पुढे बघणं म्हणजे टो शेवटी, कारण कल हलवला की टो बिघडतोच. आकडे हिरवे झाले. प्रत्येक नट पुन्हा आवळून पाहिला, आणि मग पुन्हा.

संध्याकाळी काकू आल्या. दार उघडून बघतात तर गहू.

"माझ्या जागी हे कोण बसवलंस?"

"तुम्हीच, काकू."

त्यांनी मान तिरकी करून पोती न्याहाळली. "मला जरा जास्तच भरलंस."

"पर्स धरलीय त्यात."

एवढं हसल्या की चक्कीवाले भिया बाहेर येऊन उभे राहिले. मी पोती उतरवली. काकूंना शेजारी बसवून गाडी रस्त्यावर नेली, परत आणली, स्टेअरिंगवरचे हात सोडून दाखवले. सरळ जात होती. पण टायरचं खरं उत्तर त्या दिवशी मिळत नाही. ते रस्ता देतो, हळूहळू.

मधले दोन-तीन महिने मी रोज महूकडून येणाऱ्या गाड्या बघायचो. खोलीवर जेवताना वाटायचं, डावा बोल्ट नीट बसला होता ना? आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, भिंत काय रोज उठून पाडून बघतात का?"

दिवाळीत काकू आल्या, बरोबर मुलगा. आल्या आल्या तो उकिडवा बसून आपल्या गाडीकडे बघत राहिला. "वा, तशीच आहे," म्हणाला. काकूंनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

उस्तादांनी गाडी जॅकवर उचलायला लावली. ते आकडे बघत नाहीत आधी. तळहात टायरवर ठेवून आतून बाहेर फिरवतात, मग बाहेरून आत. एका दिशेला हात गुळगुळीत जाऊन दुसऱ्या दिशेला अडला, तर काम चुकलं. त्यांनी उजवा पाहिला. मग डावा. डाव्यावर जरा जास्त वेळ. हात पुसत उठले आणि बोलले, "कल से..."

मी पुढचं ऐकलंच नाही. कल म्हटल्याबरोबर खाली वाकलो, डाव्या चाकाशी डोळा लावला, कुठे राहिला कल म्हणून.

"अरे बावले," उस्ताद हसत म्हणाले, "वो वाला कल नहीं. कल से मशीन तू देखेगा."

मी वाकलेलाच होतो. तसाच टायरवरून हात फिरवला, आतून बाहेर, बाहेरून आत. दोन्हीकडून सारखाच गेला. वर पाहिलं तर काकू मुलाला सांगत होत्या, "आणि याने काय केलं माहीत आहे? भर भिशीत मला वजन विचारलं."